व्हर्जिनिया ऑपॉसम

व्हर्जिनिया ऑपॉसम (शास्त्रीय नाव: डायडेल्फिस व्हर्जिनियाना) हा उत्तर व मध्य अमेरिकेत आढळणारा, मांजराएवढ्या आकाराचा, निशाचर व सर्वभक्षी शिशुधान प्राणी आहे. अपुऱ्या वाढीची पिले जन्माला घालून त्यांना पोटावरील पिशवीत, म्हणजे शिशुधानीत, वाढविणाऱ्या सस्तन प्राण्यांना शिशुधान प्राणी म्हणतात. ऑस्ट्रेलियातील कांगारू व कोआला ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे होत. मेक्सिकोच्या उत्तरेस, म्हणजे संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत, निसर्गतः राहणारा हा एकमेव शिशुधान प्राणी आहे. भारतात शिशुधान प्राण्यांची एकही जाती निसर्गतः आढळत नाही.

या प्राण्याविषयी निरीक्षणे थोडी आणि कथा पुष्कळ, अशी स्थिती दीर्घकाळ होती. तो मेल्याचे ढोंग करतो, शेपटीला लटकून झोपतो, नाकावाटे पिलांना जन्म देतो, हजारो गोचीड खाऊन माणसाला रोगापासून वाचवतो, अशी विधाने पिढ्यानपिढ्या केली गेली व काही आजही केली जातात. त्यांपैकी काहींत तथ्यांश आहे, काही निखालस खोटी आहेत, आणि एक-दोन बाबतींत खरी हकीकत कथेहून अधिक विलक्षण आहे.

नाव

'ऑपॉसम' हा शब्द व्हर्जिनिया प्रदेशातील पोहॅटन या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. मूळ शब्दाचा अर्थ 'पांढरा कुत्रा' किंवा 'कुत्र्यासारखा पांढरा प्राणी' असा सांगितला जातो. जेम्सटाउन येथील इंग्रज वसाहतीचा एक नेता कॅप्टन जॉन स्मिथ याने १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णनात या प्राण्याचे डोके डुकरासारखे, शेपटी उंदरासारखी व आकार मांजराएवढा असल्याचे नमूद केले आहे. आजही त्याचे याहून सुटसुटीत वर्णन करणे अवघड आहे.

'डायडेल्फिस' या प्रजातिनामाचा अर्थ 'दोन गर्भाशये असलेला'. हे नाव लिनीयसने १७५८ साली दिले, तर प्रस्तुत जातीचे शास्त्रीय नामकरण रॉबर्ट केर याने १७९२ साली केले. मादीला खरोखरच दोन गर्भाशये असतात, त्यामुळे नाव यथार्थ आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील काही वृक्षवासी प्राण्यांना 'पॉसम' म्हणतात. अमेरिकेतील ऑपॉसमशी वरवरचे साम्य पाहून युरोपीय प्रवाशांनी त्यांना ते नाव दिले. दोन्ही शिशुधान असले तरी त्यांचे गण वेगळे आहेत. अमेरिकेतील लोकही बोलताना आपल्या ऑपॉसमला 'पॉसम' असेच म्हणतात, त्यामुळे भाषांतरित मजकुरात एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर खपून गेलेली आढळते.

पूर्वपीठिका

ऑपॉसमचा उल्लेख अनेकदा 'जिवंत जीवाश्म' असा केला जातो. डायनोसॉरच्या काळापासून तो उत्तर अमेरिकेत जसाच्या तसा टिकून आहे, अशी त्यामागची समजूत असते. ती बरोबर नाही. शिशुधान प्राण्यांचे प्राचीन आप्त उत्तर अमेरिकेत एके काळी पुष्कळ होते हे खरे. परंतु मायोसीन काळात ते तेथून नाहीसे झाले. आजचा ऑपॉसम त्यांचा वंशज नव्हे. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतील असून, सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी तयार होऊन दोन्ही खंड जोडले गेल्यावर ते उत्तरेकडे सरकले. ऑपॉसमच्या कुळात आज शंभराहून अधिक जाती आहेत व त्यांपैकी बहुतेक सर्व मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. शरीराची ठेवण पुरातन वळणाची आहे, एवढाच 'जीवाश्म' या विशेषणाचा आधार.

शरीररचना

पूर्ण वाढलेल्या ऑपॉसमची डोक्यासह शरीराची लांबी साधारणतः ३५ ते ५५ सेंमी. असते. नर मादीपेक्षा मोठा असून मोठे नर ६ किलोग्रॅमपर्यंत भरतात. उत्तरेकडील प्राणी आकाराने मोठे, दक्षिणेकडील लहान. अंगावर राखाडी, भुरकट केस असतात, चेहरा पांढरा व निमुळता, नाक गुलाबी, तर कान काळे, पातळ व केसविरहित. उदमांजर पाहिलेल्या वाचकाला याच्या चालीत व रात्री घराच्या आडोशाने फिरण्याच्या सवयीत ओळखीचे काही वाटेल, पण नाते काहीच नाही. उदमांजर शिशुधान नसून मांसाहारी गणातील प्राणी आहे.

तोंडात ५० दात असतात. उत्तर अमेरिकेतील भूचर सस्तन प्राण्यांत ही संख्या सर्वांत मोठी आहे. मेंदू मात्र तेवढ्याच आकाराच्या मांजराच्या तुलनेत बराच लहान असतो. मागच्या पायाचा अंगठा नखविरहित असून माणसाच्या हाताच्या अंगठ्याप्रमाणे इतर बोटांसमोर येतो, त्यामुळे फांदी घट्ट पकडता येते. चिखलात उमटलेला मागचा पंजा लहान मुलाच्या पसरलेल्या हातासारखा दिसतो.

शेपटी लांब, जवळजवळ केसविरहित व पकड घेणारी असते. झाडावर चढताना पाचव्या हातासारखा तिचा उपयोग होतो. तिला लटकून झोपणारा ऑपॉसम चित्रांतच आढळतो. प्रौढ प्राण्याचे वजन तिला अशा रीतीने फार वेळ पेलत नाही. तिचे खरे कौशल्य वेगळेच आहे. बिळात अंथरण्यासाठी हा प्राणी वाळकी पाने तोंडाने उचलतो, पुढच्या व मागच्या पायांनी पोटाखालून मागे सारतो आणि शेपटीच्या वेटोळ्यात त्यांची जुडी धरून घरी नेतो.

आढळ

ही जाती कोस्टा रिकापासून मेक्सिको व संयुक्त संस्थानांचा पूर्व भाग व्यापून कॅनडातील ऑन्टॅरियोच्या दक्षिण भागापर्यंत पसरली आहे. पश्चिम किनाऱ्यावर ती मूळची नाही. १८९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन होजे परिसरात माणसांनी ती आणली आणि तेथून ती ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचली.

उष्ण प्रदेशातील या प्राण्याला थंडी सोसत नाही. तो शीतनिद्रा घेत नाही, अंगावर चरबी फारशी साठवत नाही आणि उघडे कान व शेपटी झाकण्याचा उपायही त्याच्यापाशी नाही. उत्तरेकडील ऑपॉसमच्या कानांच्या कडा व शेपटीचे टोक हिमदंशाने झडलेले सर्रास दिसते. असे असूनही गेल्या काही शतकांत त्याची उत्तर सीमा वर सरकत गेली आहे. शेती, वस्ती, कचराकुंड्या आणि घरांखालील उबदार पोकळ्या यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तो एकटा राहतो. स्वतः बीळ खणत नाही. इतर प्राण्यांची सोडलेली बिळे, झाडांच्या ढोली, लाकडांचे ढीग अशा जागा वापरतो व दर थोड्या दिवसांनी मुक्काम बदलतो.

आहार

कीटक, गोगलगायी, गांडुळे, बेडूक, लहान साप, उंदीर, अंडी, पक्ष्यांची पिले, फळे, धान्य, मृत प्राणी व माणसाने टाकलेले खरकटे यांपैकी काहीही त्याला चालते. मेलेले प्राणी खाण्यासाठी तो रस्त्यावर येतो व तेथेच वाहनाखाली सापडून स्वतः मरतो.

प्रजनन

ऑपॉसमच्या जीवनातील सर्वांत थक्क करणारा भाग हा आहे.

गर्भावधी केवळ ११ ते १३ दिवसांचा असतो. घरातल्या मांजरीचा गर्भावधी सुमारे दोन महिन्यांचा असतो, यावरून हा काळ किती तोकडा आहे हे लक्षात यावे. जन्मतः पिलू मधमाशीएवढे असते व त्याचे वजन एका ग्रॅमच्या सहाव्या ते आठव्या हिश्श्याइतके भरते. वीस पिले चहाच्या एका चमच्यात मावतील. डोळे व कान तयार झालेले नसतात, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब असतात, त्वचा पारदर्शक असते. वाढ झालेली असते ती मोजक्याच अवयवांची: तोंड, जीभ, फुप्फुसे आणि नखे असलेले पुढचे दोन पाय.

या दोन पायांच्या बळावर पिलाला जन्मद्वारापासून शिशुधानीपर्यंतचा काही सेंटिमीटरांचा प्रवास स्वतः करावा लागतो. पोहणारा माणूस जसे एकाआड एक हात मारतो तसे हात टाकीत ते आईच्या केसांतून वर सरकते. आई त्याला उचलून पिशवीत ठेवीत नाही. शिशुधानीत सामान्यतः १३ स्तनाग्रे असतात, त्यांपैकी १२ वर्तुळात व एक मध्यभागी. पिलू एका स्तनाग्राला तोंड लावते, मग स्तनाग्राचे टोक त्याच्या तोंडात फुगते आणि पुढचे अनेक आठवडे ते तेथेच अडकून राहते. एका वेळी २० किंवा त्याहून अधिक पिले जन्मू शकतात. स्तनाग्रे मात्र वाढत नाहीत. ज्यांना जागा मिळाली नाही ती उपासमारीने मरतात. ज्यांना मिळाली त्यांतलीही सगळी जगत नाहीत. पिशवीतून बाहेर पडेपर्यंत बहुधा सात-आठ उरतात.

सुमारे ७० दिवसांनी पिलांचे डोळे उघडलेले असतात व ती पिशवीबाहेर येऊ लागतात. त्यानंतर महिनाभर आई त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. वाटेत एखादे खाली पडले तर ते शिंकल्यासारखा आवाज करते आणि आई तोंडाने टकटक आवाज करून प्रतिसाद देते. सुमारे १०० दिवसांनी दूध सुटते व पिले आपापल्या वाटेने निघून जातात. मादी वर्षातून बहुधा दोनदा विते.

नराच्या लिंगाचे टोक दुभंगलेले असते. मादीच्या नाकपुड्याही दोन. यावरून मीलन नाकावाटे होते व मादी पिलांना शिंकरून पिशवीत टाकते, अशी लोकसमजूत अमेरिकेत रूढ होती. प्रसूतीच्या आधी मादी शिशुधानीत तोंड घालून ती चाटून स्वच्छ करते, हे पाहणाऱ्यांना या समजुतीचा पुरावाच वाटत असे. प्रत्यक्षात दुभंगलेले लिंग मादीच्या दुहेरी योनिमार्गाशी जुळणारे असते आणि प्रसूतीच्या वेळी या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग तयार होऊन त्यातून पिले बाहेर येतात. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड टायसन याने १६९८ साली मादीचे विच्छेदन करून दुहेरी जननेंद्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तरीही नाकाची कथा सुमारे दोन शतके टिकून राहिली. टेक्सासमध्ये संशोधन करणाऱ्या कार्ल हार्टमन यांनी प्रसूती प्रत्यक्ष पाहून तिचे सविस्तर वर्णन १९२० साली प्रसिद्ध केले, तेव्हा वादाला जागा उरली नाही.

मृत्यूचे सोंग

शत्रू समोर आला की ऑपॉसम लगेच मेल्यासारखा पडतो असे नाही. प्रथम तो पळण्याचा किंवा झाडावर चढण्याचा प्रयत्न करतो. ते न जमल्यास पन्नासही दात दिसतील असे तोंड उघडून फुत्कारतो व गुरगुरतो. बहुतेक वेळा प्रकरण येथेच मिटते. शत्रूने पकडले, हलवले किंवा कोंडीत गाठले तर मात्र तो एका कुशीवर कोसळतो. तोंड उघडे पडते, जीभ बाहेर लोंबते, लाळ गळते, डोळे उघडेच राहतात, पंजे आवळले जातात व गुदद्वाराजवळील ग्रंथींतून दुर्गंधी, हिरवट द्रव पाझरतो. त्याला ढोसले, उचलले, शेपटीला धरून लोंबकळत ठेवले तरी तो हालचाल करीत नाही. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते. ताजे व जिवंत भक्ष्य मारून खाणारे अनेक शिकारी अशा वेळी त्याला सोडून देतात.

हे 'सोंग' आहे का, याविषयी दोन टोकाची मते होती. एका मताप्रमाणे तो लबाडीने मेल्याचा अभिनय करतो, दुसऱ्या मताप्रमाणे भीतीने बेशुद्ध पडतो. प्रयोगांनी दोन्ही मते अपुरी ठरवली. १९६४ साली या अवस्थेतील ऑपॉसमच्या मेंदूचे विद्युत्-आलेख घेण्यात आले. ते जाग्या व सावध मेंदूचे होते. म्हणजे तो बेशुद्ध नसतो. बारकाईने पाहिल्यास मोठ्या आवाजाने त्याचे कान हलताना दिसतात. दुसरीकडे, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या अवस्थेत हृदयाचे ठोके सुमारे ४६ टक्क्यांनी व श्वसनाची गती सुमारे ३१ टक्क्यांनी मंदावते आणि शरीराचे तापमान सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने उतरते, असे आढळले. असा बदल ठरवून करता येत नाही. तेव्हा ही स्वयंचलित प्रतिक्रिया आहे: तिच्या प्रारंभावर प्राण्याचा ताबा नाही, पण ती चालू असताना तो जागा आहे. 'सोंग' हा शब्द मराठीत रूढ आहे म्हणून येथे वापरला आहे. त्यातील लबाडीची छटा मात्र या प्राण्याला लागू पडत नाही.

सावध होण्याची वेळ आली की आधी कान फिरतात, मग डोके किंचित वर उठते. धोका टळला असे वाटल्यास तो उठून चालू लागतो. इंग्रजीत मेल्याचे किंवा झोपेचे सोंग घेण्याला 'प्लेइंग पॉसम' म्हणतात तो वाक्प्रचार यावरूनच आला.

सर्पविष

ऑपॉसम विषारी साप मारून खातो. रॅटलस्नेक, कॉपरहेड, कॉटनमाउथ हे अमेरिकेतील साप पिट व्हायपर गटातले आहेत. सह्याद्रीत आढळणारा चापडा हाही याच गटातला. त्यांच्या विषाचा ऑपॉसमवर फारसा परिणाम होत नाही, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले. नागाच्या कुळातील सापांच्या विषाविरुद्ध मात्र त्याला तसे संरक्षण असल्याचे दिसून आले नाही.

या प्रतिकाराची दोन कारणे पुढे आली आहेत. एक, त्याच्या रक्तद्रवात विषातील घातक घटकांना निष्प्रभ करणारी प्रथिने असतात. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. पिट व्हायपरच्या विषातील काही घटक रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून रक्तस्राव घडवून आणतात. शॅरन जॅन्सा व रॉबर्ट व्हॉस यांनी २०११ साली असे दाखवले की, साप खाणाऱ्या ऑपॉसममध्ये हेच प्रथिन झपाट्याने बदलत गेले असून, जेथे विष चिकटते नेमका तोच भाग अधिक बदलला आहे.

भारताच्या दृष्टीने यातील पुढचा टप्पा लक्षणीय आहे. ऑपॉसमच्या प्रथिनातील एक लहान तुकडा सॅन होजे येथील विद्यापीठातील संशोधकांनी जिवाणूंकरवी तयार करून घेतला. २०१५ साली जाहीर झालेल्या त्यांच्या प्रयोगांत या तुकड्याने उंदरांचे रॅटलस्नेकच्या, तसेच घोणसाच्या विषापासून रक्षण केले. महाराष्ट्रात दंश होऊन दगावणाऱ्यांच्या बाबतीत नाग, मण्यार व फुरसे यांच्याबरोबर घोणसाचे नाव घेतले जाते. आज आपल्याकडे वापरले जाणारे प्रतिसर्पविष घोड्यांच्या रक्तापासून बनते. मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ निगडित आहे. ऑपॉसमच्या प्रथिनापासून माणसांसाठी औषध अद्याप तयार झालेले नाही. उंदरांवरील यशाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

गोचीड व रोग

'एक ऑपॉसम एका हंगामात ५,००० गोचीड खातो' हे वाक्य समाजमाध्यमांवर अमाप फिरले. त्याचा उगम २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. पिंजऱ्यातील प्राण्यांच्या अंगावर ठरावीक संख्येने गोचिडांची पिल्ले सोडण्यात आली, रक्त पिऊन खाली पडलेली मोजण्यात आली आणि जी सापडली नाहीत ती प्राण्याने अंग चाटताना गिळली असावीत असे गृहीत धरण्यात आले. पुढे हंगामभराचा हिशेब मांडला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात इलिनॉय राज्यातील ३२ ऑपॉसमच्या जठरांतील अन्न तपासले असता त्यात एकही गोचीड मिळाली नाही, तसेच आहारावरील जुन्या अभ्यासांतही गोचिडांची नोंद आढळली नाही. ऑपॉसमविषयी सहानुभूती निर्माण करणारे हे वाक्य असले तरी ते सिद्ध झालेले नाही, आणि सहानुभूतीसाठी त्याची गरजही नाही.

रेबीज या प्राण्यात क्वचितच आढळतो. शरीराचे तापमान कमी, सुमारे ३५ अंश सेल्सिअस, असल्यामुळे विषाणूची वाढ नीट होत नसावी असे मानतात. 'त्याला रेबीज होतच नाही' हे विधान मात्र चूक आहे. घोड्यांच्या मज्जासंस्थेचा एक गंभीर रोग घडवणाऱ्या परजीवीचा ऑपॉसम हा मुख्य आश्रयदाता आहे, त्यामुळे घोडे पाळणारे लोक दाण्याच्या कोठारात त्याला येऊ देत नाहीत.

आयुर्मान

निसर्गात ऑपॉसम एक-दोन वर्षेच जगतो. संरक्षित जागी सुमारे चार वर्षे जगल्याची उदाहरणे आहेत. एवढ्या आकाराच्या सस्तन प्राण्यासाठी हे आयुष्य फारच अल्प आहे. शिकारी व वाहने हे एक कारण झाले. पण या दोहोंतून वाचलेला प्राणीही दुसऱ्या वर्षी म्हातारा दिसू लागतो: डोळ्यांत मोतीबिंदू, झडलेले केस, उतरलेले वजन.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन ऑस्टॅड यांनी यावर केलेला अभ्यास वार्धक्यशास्त्रात नेहमी उद्धृत केला जातो. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील सॅपेलो बेट चार-पाच हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून अलग झाले व तेथे ऑपॉसमला मारणारे मोठे सस्तन शिकारी नाहीत. उद्या मारले जाण्याची शक्यता कमी असेल तर शरीर टिकवण्याचा खर्च सार्थकी लागतो, मग पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून म्हातारपण उशिरा यायला हवे, असा तर्क होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बेटावरील ऑपॉसम मुख्य भूमीवरील आप्तांपेक्षा जास्त जगत होते, त्यांच्या शेपटीच्या स्नायुबंधांतील तंतू सावकाश ताठर होत होते, एका विणीतील पिले कमी होती आणि माद्या दुसऱ्या वर्षीही चांगल्या वीत होत्या.

माणसाशी संबंध

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ऑपॉसमचे मांस रताळ्यांबरोबर भाजून खाण्याची पद्धत होती. जानेवारी १९०९ मध्ये अटलांटा येथे नियोजित राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांना असे भोजन देण्यात आले. रूझवेल्ट यांच्या नावाने निघालेल्या 'टेडी बेअर'शी स्पर्धा करण्यासाठी त्यानंतर 'बिली पॉसम' नावाचे खेळणे बाजारात आले. ते चालले नाही. जर्मनीतील लाइपझिग प्राणिसंग्रहालयातील 'हायडी' ही तिरळ्या डोळ्यांची मादी मात्र २०१०–११ च्या सुमारास जगभर लोकप्रिय झाली होती.

ही जाती संकटग्रस्त नाही. आययूसीएनने तिला सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवले आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जखमी वन्यप्राणी सांभाळण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे ऑपॉसम सापडल्यास परवानाधारक पुनर्वसन केंद्राला कळवावे लागते. रस्त्याकडेला निपचित पडलेला ऑपॉसम मेलेलाच असेल असे नाही. त्याला निवांत सोडल्यास थोड्या वेळाने तो उठून जाऊ शकतो. तो खरोखर मेलेला असेल व मादी असेल, तर शिशुधानीतील पिले जिवंत असू शकतात. स्तनाग्र पिलाच्या तोंडात फुगलेले असल्यामुळे त्याला ओढून काढल्यास त्याचे तोंड फाटते. म्हणून पिलांना हात न लावता मृत आईसकट केंद्रात नेण्याची सूचना तेथील कार्यकर्ते देतात.